अंगठ्याचं टोक

खड्ड्यातली माती भिजवून, मळून, बोटांत तिची पट्टी काढायची आणि प्रयोगशाळेच्या आधी चिकणमातीचा टक्का सांगून टाकायचा, ही माझी मिरवायची जागा. अहवाल पाचाच्या फरकात आला की दोन दिवस मी खुशीत असायचो. तीस वर्षं हा गर्व जपला.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याकडे, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, ६० सेंमीखालच्या थराला मी ४५ म्हणालो. सोबतची विद्यार्थिनी तोच गोळा मळत राहिली. मी पुढच्या थरावर गेलो तरी तिचं चालूच. मग म्हणाली, "सर, ५८." अहवाल आला, ५७.

काळ्या मातीत चिकण कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बोटाला रवाळ लागतात. तो रवा मोडेपर्यंत मळलं नाही तर टक्का कमीच वाटतो. त्यात बारीक चुना असला की तो गाळासारखा मऊसूत लागून आणखी चकवतो. मळणं कुठे थांबवायचं, ते मला अंगठा सांगायचा. आता मधुमेहानं त्याचं टोक बधिर झालंय. घड्याळ लावून तीन मिनिटं मळून पाहिलं. एका खड्ड्यात जुळलं, दुसऱ्यात फसलं. डावा हात लावून पाहिला, पण त्या हाताला इतक्या वर्षांत मी काही शिकवलंच नव्हतं.

अंगठा चुकला तरी खड्ड्याला पर्याय नाही. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका निघाल्या, शेतकऱ्याच्या हाती सामू आला, सेंद्रिय कर्ब आला; चांगलंच झालं. पण नमुना वरच्या १५ सेंमीचा, आणि या पट्ट्याचं दुखणं खाली. वरचं ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात सोडलं तर फुटून तळाशी बसलं, पाणी नितळ. खालचं सोडलं तर त्याच्याभोवती हळूहळू दुधासारखा ढग पसरला. तो सोडियमचा प्रताप. अशा थरात पावसाचं पाणी मुरत नाही, मुळांचा श्वास कोंडतो. उपग्रहाचा नकाशा घेऊन बांधावरूनच परतणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. खड्ड्यात उतरा, ढेकूळ हातात घ्या.

पुढच्या खड्ड्यात तिनं विचारलं, "सर, तुमचा आकडा?" तिचा अंगठा थांबेपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मनात मात्र ५२ येऊन बसला होता, आणि तिच्या आधी तो वहीत लिहूनही टाकला होता. अहवाल अजून यायचाय.