प्रेअरीचा वारा

‘प्रेअरी विंड’ हा अल्बम घाईत जन्मला, पण त्याच्या चालीत घाई कुठेच नाही. २००५च्या मार्चमध्ये गायक नील यंग यांच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आल्याचं निदान झालं. वय एकोणसाठ. उपचाराची तारीख ठरली आणि मधल्या दिवसांत ते नॅशव्हिलला जाऊन स्टुडिओत बसले. गाणं लिहायचं आणि शाई वाळायच्या आत ध्वनिमुद्रित करायचं, असं काम चाललं. उपचारानंतर काही दिवसांत मांडीच्या धमनीतून रक्तस्राव होऊन ते न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कोसळले. त्यातूनही सावरले. जूनमध्ये वडील गेले. सप्टेंबरअखेर अल्बम बाजारात आला, तो वडिलांच्या नावे.

एवढं सोसून आलेल्याने थोडा टाहो फोडला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. हा अल्बम आवाज चढवत नाही. दहा गाणी, पाऊण तासाहून थोडं जास्त बोलणं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या माणसांविषयी. कॅनडातल्या विनिपेगच्या आसपासची ती सपाट, झाडं नसलेली गवताळ जमीन, म्हणजे नावातली ‘प्रेअरी’, याच्या अंगात भिनलेली आहे. तिथे वाऱ्याला अडवणारं काही नसतं. यालाही आडपडदा नाही.

याच्या गळ्यातला खरा ओलावा बेन कीथ यांच्या पेडल स्टीलचा. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वाद्य परकं वाटणार नाही; ते तिच्याच कुळातलं. तारांवरून पोलादी पट्टी सरकते, पाय पेडलवर असतात, आणि सूर एका जागेवरून दुसरीकडे उडी न मारता मींड घेत जातो. कीथ आणि यंग यांची गाठ १९७१मध्ये याच नॅशव्हिलला, ‘हार्वेस्ट’ या अल्बमच्या वेळी पडली. त्यानंतर १९९२च्या ‘हार्वेस्ट मून’मध्येही कीथ होते. या तीन भावंडांत ‘प्रेअरी विंड’ धाकटा. स्वभावाने मात्र सर्वांत पोक्त.

यंग यांचं वडिलांशी असलेलं नातं जाणून घेतल्याशिवाय हा अल्बम कळत नाही. स्कॉट यंग हे कॅनडातले नावाजलेले पत्रकार. हॉकीवरचं त्यांचं लेखन तिथे घरोघरी वाचलं जाई. आईवडील वेगळे झाले तेव्हा नील शाळकरी वयाचे होते. आई त्यांना घेऊन विनिपेगला आली. पुढे मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर, १९८४मध्ये, स्कॉट यांनी मुलावर पुस्तक लिहिलं: ‘नील अँड मी’. अखेरच्या वर्षांत त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठलं. मला हा अल्बम त्या पुस्तकाला मुलाने दिलेलं उत्तर वाटतो. ताटातुटीचा हिशेब तो मागत नाही. ‘फार फ्रॉम होम’मध्ये वडील गिटार घेऊन गातात, काका पियानोला बसतात, घर भरून जातं. लेखणीवर जगलेल्या माणसाची स्मृती विझत असताना त्याच्या वतीने आठवायचं काम मुलाने अंगावर घेतलं आहे, आणि तेही तक्रारीचा एक शब्द न काढता. कंट्री रॉकमध्ये बापावरची गाणी काही थोडी नाहीत. एवढी क्षमाशील मी फार कमी ऐकली.

‘हिअर फॉर यू’ घर सोडून निघालेल्या मुलीसाठी आहे. म्हणजे हा एकाच वेळी मुलगाही आहे आणि बापही.

‘धिस ओल्ड गिटार’ तर हँक विल्यम्सच्या गिटारीचं गाणं. कंट्री संगीताचा हा दैवी गायक एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्याची मार्टिन गिटार यंग यांच्याकडे आली ती १९७०च्या दशकात. गाण्यात गायिका एमिलू हॅरिस सोबतीला आहेत, आणि भाव असा की गिटार आपली नव्हे, आपण फक्त काही काळ तिला सांभाळणारे. ऑगस्ट २००५मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात, जिथे हँकने ती टाळ्यांच्या कडकडाटात वाजवली होती, तिथेच यंग यांनी ती पुन्हा हातात घेतली. दिग्दर्शक जोनाथन डेमी यांच्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’ या चित्रपटात ती मैफल आहे. जरूर पाहावी.

दोष आहेत. शीर्षकगीत सात मिनिटांहून लांब असून एकाच ओळीभोवती घुटमळतं. पितळी वाद्यांची साथ छान असली तरी कान थकतात. एल्व्हिस प्रेस्लीवरचं ‘ही वॉज द किंग’ या सगळ्या सोबत्यांत हलकंच पडतं. पण त्यापाठोपाठ ‘व्हेन गॉड मेड मी’ येतं: पियानो, फिस्क विद्यापीठाच्या गायकांचा समूहस्वर, आणि देवाला विचारलेले एकामागून एक साधे प्रश्न. उत्तराची अट नाही. इथे हा माणूस घराबाहेर पाहून सगळ्यांच्या वतीने बोलतो.

१९७२मध्ये ‘हार्वेस्ट’ला जगाने डोक्यावर घेतलं, आणि धाकट्याची तुलना कायम त्याच्याशी झाली. सुरावटींत थोरला सरस आहे, हे मान्य. पण ‘हार्वेस्ट’ पंचविशीच्या तरुणाने म्हातारपणाची कल्पना करून गायला होता, आणि याला कल्पनेची गरज उरलेली नव्हती. यातली गाणी ज्या क्रमाने लिहिली गेली, त्याच क्रमाने अल्बमवर आहेत. म्हणून ती मागेपुढे करून ऐकू नका. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, एका बैठकीत ऐका.