दिल्या घरचा फोन

फोन माझा. हप्ते मी फेडले, रिचार्जही माझ्याच खिशातून. पण 2020 साली कचेरी घरात शिरली, तिची पत्रं याच फोनवर येऊ लागली आणि फोन दिल्या घरचा झाला. सुरक्षेचा नियम असा, की परवलीचा आकडा दहादा चुकला तर फोनने आपणहून कोरी पाटी व्हायचं. मी वाचून 'मान्य' दाबलं. (खोटं कशाला बोलू? न वाचताच दाबलं.)

एका रविवारी भाचा आला. वय वर्षं चार. मध्येमध्ये फोन 'थांबा' म्हणे. कारटं थांबे आणि पुन्हा दाबे. एवढी चिकाटी आमच्या घराण्यात कुणाची नव्हती.

कचेरीतला सुरक्षावाला म्हणाला, ''काळजी नको साहेब, कंपनीचं काहीही बाहेर गेलेलं नाही.'' कंपनीचं होतं काय त्यात? चार परिपत्रकं! पण आईने जायच्या आदल्या वर्षी सांगितलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण, तिच्याच आवाजात, त्यातच होतं. कचेरीचा कप्पा वेगळा ठेवून तेवढाच पुसायची सोय अँड्रॉइडमध्ये 2014 पासून आहे म्हणे. आमच्याकडे तिचं परिपत्रक आलं नव्हतं.

दिवाळीत बायकोने अंदाजाने भाजणी केली. पहिला घाणा तेलात विरघळला. ''डाळ किती म्हणाल्या होत्या हो?'' तिने विचारलं. मी झारा घेऊन नुसता उभा.