वत्सगुल्म आणि तांडा

साहित्यशास्त्राच्या अध्यापनात वाशीमचा उल्लेख झालाच, तर तो वत्सगुल्म या प्राचीन नावाने होतो. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीपुत्र काव्यपुरुष घर सोडून निघतो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्मात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन येथलाच राजा. १९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला स्वतःच्या ओळखीसाठी ही कथा जवळची वाटावी, यात नवल नाही.

या कथेत भ्रमंतीला मोठे मोल आहे. ज्या ज्या देशांतून ही दोघे जातात, तेथील वेष, विलास आणि वचन यांच्या विन्यासांतून अनुक्रमे प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती या संकल्पना सिद्ध होतात. एका परीने भटकणे हेच येथे काव्यशास्त्राचे उगमस्थान ठरते.

याच जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी रामनवमीला ठिकठिकाणचे बंजारा जमतात. त्यांच्या पूर्वजांचे जीवन हीही एक भ्रमंतीच होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे मुलूख पार करीत. मोगलांच्या आणि पुढे कंपनीच्या फौजांनाही त्यांनी रसद पुरविली. या भ्रमंतीचे ‘शास्त्र’ मात्र पोलीसखात्यात लिहिले गेले. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज या अधिकाऱ्याची बंजारांवरील पुस्तिका १८८२ साली पुनर्मुद्रित झाली. मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील बंजारांवरील प्रकरणाचा मुख्य आधार हीच पुस्तिका होती. अशा रीतीने पोलीस अधिकाऱ्याचे निरीक्षण मानववंशशास्त्राचे ज्ञान झाले.

या वर्णनांत कौतुकाचा सूर नाही असे नाही. परंतु गुन्हेगार ठरविलेल्या जमातींविषयीच्या एकूण प्रशासकीय लेखनाची रीत पाहिली, तर वेष, चालचलणूक आणि भाषा हीच तीन लक्षणे तेथेही मध्यवर्ती दिसतात. आरसे जडविलेली कांचळी, मुक्कामाच्या वाटा, बाहेरच्याला न कळणारी बोली. राजशेखराला ज्यातून शैली दिसली, त्यातूनच वसाहतीच्या प्रशासनाला संशयिताची ओळख पटू लागली. भ्रमंती संस्कृती ठरते की अपराध, हे कोण भटकतो आणि कोण लिहितो यावर अवलंबून राहिले.

वसाहतकालीन कथनाची वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. त्याचा सांगाडा साधारण असा: लोहमार्ग आले, लदेणी बुडाली, आणि ही माणसे चोरीकडे वळली. पहिल्या दोन वाक्यांत माणूस नाही, तिसऱ्यात आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला तो धोरणाने. मिठावरील कर आणि मक्तेदारी हीदेखील धोरणेच. कथनात मात्र ती प्रगतीची अटळ पावले होतात. हानीला कर्ता उरत नाही, अपराधाला मात्र तो मिळतो. वर्चस्वशाली कथा अन्यायाला क्षमा मिळवून देते ती बहुधा अशी, उघड समर्थनापेक्षा व्याकरणाच्या आडून.

यात एतद्देशीय वाटाही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या समर्थनार्थ असा युक्तिवाद झाला की, येथे सुतारकी किंवा विणकाम जसे वंशपरंपरेने चालते, तसा गुन्हाही चालत असला पाहिजे. जातिव्यवस्थेने स्वतःविषयी सांगितलेली कथा राज्यकर्त्यांना तयार मिळाली. वेगवेगळ्या प्रांतांच्या याद्यांत बंजारांची नावे आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी ‘विमुक्त’ या नव्या नावाने जुन्या यादीची स्मृती जपलीच. ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी हिणवणारा शब्दच शीर्षकस्थानी घेतला, त्यामागे या नामकरणाचे भान आहे.

बंजारांच्या स्वतःच्या प्रत्युत्तरांतही हा पेच दिसतो. राजपूत कुळाचा दावा किंवा पोहरादेवीला ‘बंजारांची काशी’ म्हणणे यांत आत्मसन्मान आहे. परंतु मापे प्रस्थापित संस्कृतीची आहेत. २०२५ साली अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी जोराने पुढे आली, तेव्हा हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी पुरावा म्हणून दाखविण्यात आल्या. मागणीच्या युक्तायुक्ततेचा प्रश्न वेगळा. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, आपण कोण हे सांगण्यासाठी या समाजाला पुन्हा प्रशासकाच्या दप्तराकडेच जावे लागते.

गोरबोलीत होळीची लेंगी गीते आहेत. लग्नात तांडा सोडून जाणाऱ्या मुलीचा ढावलो आहे. मराठी समीक्षेने या रचना बहुधा लोकसाहित्याच्या कप्प्यात ठेवल्या. वाङ्मयीन सिद्धांत घडविण्याचा अधिकार त्यांना दिला नाही. वत्सगुल्मातील विवाहाची कथा वधूला काय मागे सोडावे लागले, याविषयी काही सांगत नाही. ढावलो नेमके तेच सांगतो. तांड्यावरून येऊन साहित्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीला दोन्ही ठाऊक असतात, पण त्यांपैकी एकावरच तिला प्रश्न विचारला जातो. वैदर्भी रीतीच्या अभ्यासपत्रिकेत ढावलोला स्थान देणे ही केवळ समावेशाची कृती ठरणार नाही. ‘रीती’ म्हणजे काय आणि ती कोणाच्या वचनावरून ठरवायची, याचा फेरविचार त्याबरोबर करावा लागेल.