तरवा

मृगाचा पाऊस लागला की आमच्या कोकणात शेताच्या एका कोपऱ्यात भात दाट पेरतात. त्या रोपांना तरवा म्हणतात. वीत-दीड वीत वाढला की तो उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि दुसऱ्या चिखलात नेऊन लावायचा. उगवला तिथेच राहू दिला तर दाटीने पिवळा पडतो.

'सेमिनरी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ रोपे तयार करण्याची जागा असा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. वेदपाठशाळा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. कॅथलिक धर्मगुरू व्हावयाचे त्यांची तशी शाळा म्हणजे सेमिनरी. प्रत्येक धर्मप्रांताने आपली मुले अशी तयार करावीत, असा ठराव ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. ठराव करणाऱ्यांनी तरवा पाहिला होता की नाही कोण जाणे. पण शब्द मोठा अचूक निवडला.

माझा एक विद्यार्थी अशा शाळेत गेला. वडील कुडाळात नोकरीला, बिऱ्हाड आमच्या पिंगुळीत. वर्गात हा मुलगा फार हुशार नव्हता, पण चित्रे सुरेख काढी. त्याचे कारण शोधायला लांब जायला नको. पिंगुळी हे ठाकर मंडळींचे गाव. चित्रकथीची पोथी पुढे धरून, एकेक चित्र उलटीत, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने रामायणातली आख्याने सांगणारी ही माणसे. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सारा गाव हरखला होता. हा मुलगा लहानपणी रात्र-रात्र ती आख्याने ऐकत बसे. बारावी झाल्यावर त्याने घरी सांगितले, "माका पाद्री होवचा आसा." वडील गप्प राहिले. आई चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली आणि तिथून परत आल्यावर रडली.

पहिली वर्षे दुसरीकडे काढून तो गोव्यात राशोलला गेला. मागच्या वर्षी मडगावला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून मी त्याला भेटायला गेले. जुवारीच्या काठची ती टेकडी, पूर्वी तिथे किल्ला होता. जेझुइटांनी बांधलेली ही इमारत १६१० साली पुरी झाली. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने त्यांना हाकलले आणि १७६२ पासून ती धर्मप्रांताची सेमिनरी झाली. मधे चौक, भोवती जाड भिंती, आणि इतके लांब सोपे की पलीकडून येणारा माणूस आधी पावलांनीच कळतो.

"बाई, तुमी कधी इल्यात?" म्हणून तो धावतच आला. पांढऱ्या झग्यात कुणी गंभीर तरुण दिसेल अशी माझी कल्पना होती. हा चड्डी-बनियनवर, गुडघ्याला चिखल! फुटबॉलची वेळ होती. झगा उपासनेपुरता. बाकी पहाटेची घंटा, प्रार्थना, मिस्सा, मग तास; दुपारी कुणी बागेत, कुणी झाडलोटीला; जेवण वाढण्याच्या पाळ्या; संध्याकाळी जपमाळ, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन. घरी पाण्याचा तांब्या न उचललेला हा मुलगा आता तीस-चाळीस जणांना आमटी वाढतो, हे ऐकून मला त्याच्या आईची आठवण झाली.

आधी तत्त्वज्ञान, पुढे धर्मशास्त्र, असा बऱ्याच वर्षांचा अभ्यास. सगळा इंग्रजीतून. प्लेटो इंग्रजीत, संत थॉमस अक्वायनस इंग्रजीत. "आणि म्हातारी कबुलीजबाब सांगायला आली की?" असे मी विचारले, तो नुसता हसला.

मला विचारावेसे वाटले, त्याला कारण होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टीच्या गावांतून चाळीस वर्षे राहिला. नवख्रिस्ती लोक त्याला म्हणत, आमची पुराणे तुम्ही सोडायला लावलीत. मग आम्ही ऐकायचे काय? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून या परक्या माणसाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले ते इथेच, राशोलच्या कॉलेजात! देवनागरीचे खिळे नसल्यामुळे अक्षरे रोमन, पण कानाला मराठी. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच सोडवण्याचा हुकूम काढला. पुराण मात्र राहिले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत छापले, तेव्हा कुठे माझ्यासारखीला ते वाचता आले.

हे त्याला ठाऊक होते. नुसते ठाऊक नव्हते, त्यावरून त्याने एक उपद्व्यापही केला होता. प्रवचनाचा सराव म्हणून प्रत्येकाने सोबत्यांपुढे उभे राहून बोलायचे असते, आणि सोबत्यांनी दोष काढायचे. याने उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली. बारा चित्रे काढली, पोथीसारखी मांडीवर ठेवली, आणि एकेक उलटीत मालवणीत सांगितली. आरंभी मुले हसली. डुकरांच्या कोंड्यावर जगणारा पोरगा घराकडे निघतो, त्या चित्रापाशी हसणे थांबले म्हणे. शिकवणाऱ्या फादरांचा अभिप्राय असा: "चित्रे उत्तम, वेळ दुप्पट." मला वाटते, आमच्या ठाकरांनाही हा अभिप्राय मान्य झाला असता!

चहा पिऊन मी उठले, तर तो गेटापर्यंत आला. मग हळूच म्हणाला, की त्याच्याच वर्गातला एकजण पावसाळ्यापूर्वी सोडून गेला. असे होते, त्याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही, आणि ही इतकी वर्षे ठेवलेली असतात तीच पारखून घेण्यासाठी. पण जेवणघरातली ती एक खुर्ची दोन दिवस कुणी ओढली नाही.

"कदी कदी रात्री वाटता, बाई, माझां हयसर काय काम? अजून ठरूक नाय. आवशीक सांगू नकात."

मी सांगणार नाही म्हटले.

पिंगुळीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याची आई आली. झील बारीक झालो काय, जेवता काय, हे सगळे विचारून झाले. मी फुटबॉलचे सांगितले, आमटीचे सांगितले, चित्रांचे तर दोनदा सांगितले. ती ऐकत होती, पण डोळे माझ्या तोंडावर. गाठीला बांधून आणलेल्या सुक्या सुंगटांची पुरचुंडी तिने ओट्यावर ठेवली आणि जाता जाता दारात थांबली.

"इलो तर इलो, बाई. त्याची कॉट मी हलवक नाय. पण ह्यां त्याका सांगू नकात."