देवमासा आणि माझी रजा

बँकेतल्या माणसाचं वर्ष ऋतूंवर चालत नाही, क्लोजिंगवर चालतं. मार्चअखेर वार्षिक, सप्टेंबरअखेर सहामाही, मध्ये जून आणि डिसेंबरच्या तिमाह्या. या चार खांबांवर डोकं आपटत आमचा वीस वर्षं संसार झाला. म्हणून सिॲटलच्या मेहुण्याने आम्हां दोघांना अलास्काच्या क्रूझचं आमंत्रण दिलं. "देवमासे दाखवतो," म्हणाला.

"फेब्रुवारीत जमेल?" मी विचारलं.

"भावजी, फेब्रुवारीत ते हवाईला असतात."

म्हणजे त्यांच्याही बदल्या होतात तर! हा 'हम्पबॅक' जातीचा देवमासा हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात लग्नकार्यं आणि बाळंतपणं उरकतो आणि उन्हाळ्यात पोटासाठी अलास्काला येतो. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, प्रवासभत्ता शून्य. एप्रिलपासून मंडळी तिथे रुजू व्हायला लागतात. जून ते ऑगस्ट हजेरी भरगच्च. मेमध्ये पाऊस कमी, पण हजेरीही कमी. सप्टेंबरात पाऊस वाढतो.

मी कॅलेंडर काढलं. जूनची तिमाही आटोपलेली, सप्टेंबर लांब. जुलै! जन्मात प्रथमच माझी आणि निसर्गाची तारीख जुळली. अर्जात कारण लिहिलं, 'देवमासा-दर्शन'. साहेबांनी घाईत 'देवदर्शन' वाचून सही ठोकली.

जूनो बंदरात क्रूझवरून उतरून आम्ही छोट्या बोटीत बसलो. जुलै असून अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, वरून रिपरिप. गाइडने बजावलं, शंभर यार्डांच्या आत जायचं नाही, कायदा आहे. तासभर नुसतंच पाणी. मेहुण्याचे किती पैसे बुडाले याचा मी हिशेब मांडत होतो, तेवढ्यात समोर फस्सकन कारंजं उडालं. एक प्रचंड काळं धूड वर आलं आणि त्याला चिकटून एक छोटं.

गाइड म्हणाला, "ही आई. पिल्लू हवाईला झालं. तिथे हिला खायला जवळपास काहीच नसतं. महिनोन्‌महिने उपाशी राहून त्याला पाजलं, इथवर पोहत आणलं. आता कुठे हिचं जेवण सुरू झालंय."

मी कॅमेरा सरसावला. सौ. हळूच म्हणाली, "अहो, राहू द्या तो फोटो. जेवू दे तिला निवांत. किती उशिरा पानावर बसलीय बिचारी."

मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. क्लोजिंग उरकून मी अकराला घरी यायचो. मुलगा जेवून झोपलेला असायचा आणि ही दोन झाकलेल्या पानांपाशी बसलेली. वीस वर्षं मला त्यातलं माझंच पान दिसत होतं.

शेपटी वर आली, पाणी निथळत क्षणभर थांबली आणि अलगद बुडाली. हिने हात जोडले. फोटो राहिलाच. त्या रात्री क्रूझवर मी आधी तिचं ताट वाढून आणलं. तिने मला ताप आहे का ते हात लावून पाहिलं.

परतल्यावर साहेबांनी विचारलं, "काय, झालं दर्शन?"

"झालं साहेब. अगदी नीट झालं."

"मग प्रसाद?"

विमानतळावर घेतलेलं चॉकलेट दिलं. त्यांनी ते कपाळाला लावून तोंडात टाकलं.