कागदावरचा पगार आणि हातातला पगार

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकता लागला होता. घरात पेरणीची गडबड, मी शाळेची तयारी करत होते, आणि तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, लागली नोकरी! पुण्याला. तीन लाख साठ हजारांचं पॅकेज!"

आमच्या घरातली ही पहिली इंजिनीअर मुलगी. पारशिवनीहून नागपूरला शिकायला गेली ती बँकेच्या कर्जावर. कर्जाच्या कागदावर तिच्या सहीखाली सासऱ्यांची सही. तेव्हापासून चार वर्षं घरात त्या कर्जाचं ओझं होतं. त्यामुळे पेढे वाटून झाल्याबरोबर सासऱ्यांनी भागाकार केला. तीन लाख साठ हजार भागिले बारा. महिन्याला तीस हजार! रात्रीची जेवणं होईतो त्या तीस हजारांची वाटणीही झाली. बँकेचा हप्ता, तिचा पुण्याचा खर्च, विहिरीवरची मोटर, आणि उरलंच तर मागच्या खोलीवर स्लॅब.

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. ह्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "तू वाच, तू बी.ए. आहेस." आता मी शाळेत शिकवते मराठी, गणित नव्हे. पण घरखर्चाची वही गेली बारा वर्षं मीच लिहिते आहे. तेव्हा तीच वही पुढे ओढली नि पगाराचा तक्ता उतरवून काढला.

मूळ पगार १२,०००. घरभाडे भत्ता ४,८००. विशेष भत्ता ६,२००. हे झाले २३,०००. पुढे कंपनीकडून पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीपोटी ५७७, विम्यापोटी ६२३. आणि राहिलेले ४,००० "कामगिरीनुसार, वर्षअखेर". झाले तीस हजार पुरे! म्हणजे तीस हजारांतले सात हजार दरमहा हातात येणारच नव्हते. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी केली तरच मिळते, पण तीही पॅकेजात मोजलेली. उरलेल्या तेवीस हजारांतून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जाणार. हातात २१,२००. व्यवसाय कर मात्र नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. एवढीच काय ती जमेची बाजू.

सासरे कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नऊ हजार गेले कोठी?"

त्याच पत्रासोबत एक फॉर्म होता. पहिलीच नोकरी आहे आणि पीएफसाठी धरला जाणारा पगार पंधरा हजारांच्या वर आहे, तेव्हा पीएफ नको असेल तर तसं लिहून देता येईल. लिहून दिलं तर दोन्ही वाटे, म्हणजे ३,६०० रुपये, दरमहा हातात. २१,२०० चे २४,८०० होणार. सासऱ्यांना हे लगेच पटलं. "कर्ज आधी फिटू दे, म्हातारपणाचं म्हातारपणी पाहू." नणंदेलाही तसंच वाटत होतं. बावीस वर्षांच्या मुलीला निवृत्ती म्हणजे काय दिसणार!

खरं सांगते, मलाही आधी ते बरोबर वाटलं. आमचं कर्ज दहा टक्के व्याजाचं. पीएफवर २०२४-२५ ला मिळालं सव्वाआठ टक्के. मग दहा टक्क्यांचं कर्ज ठेवून सव्वाआठ टक्क्यांवर पैसे साठवायचे कशाला? हिशेबाने त्यांचंच खरं. पण माझ्या वहीचा अनुभव निराळा आहे. हातात आलेले पैसे कर्जात जातात, असं नेहमी होत नाही. ते मोटरीत जातात, लग्नाच्या अहेरात जातात, दवाखान्यात जातात. महिनाअखेर कर्ज तिथल्या तिथे आणि साठवण शून्य. शिवाय पीएफच्या खात्यासोबत सात लाखांपर्यंतचा विमा असतो. ही गोष्ट मी घरात मोठ्याने बोलले नाही. पोरीच्या पहिल्या पगाराच्या वेळी असलं अभद्र कोण काढील? पण कर्जावर सासऱ्यांची सही आहे, हे माझ्या मनातून जाईना. रात्री ह्यांना तेवढं सांगितलं. सकाळी ह्यांनीच बहिणीला फोन केला नि पीएफ राहू द्यायला सांगितलं.

मग राहिला हप्ता. कर्ज चार लाखांचं, पण शिकण्याच्या काळातलं व्याज चढून चार लाख ऐंशी हजार झालं होतं. इथे आमची एक चूक मला कबूल केली पाहिजे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असेल, तर अभ्यासक्रमाच्या नि नंतरच्या एका वर्षाच्या काळातलं व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. आम्हाला ते कळलं तिसऱ्या वर्षी. एका दाखल्यापायी एवढं व्याज अंगावर बसलं. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही, निवडक संस्थांसाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे. ज्यांची मुलं आता शिकायला निघाली आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळीच बँकेत विचारावं. आमच्यासारखं नंतर कपाळाला हात लावू नये.

तर दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता येतो ६,३४३ रुपये. पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं तर ५,१५८. बाराशे रुपयांनी हप्ता कमी, पण शेवटी भरावे लागतात एक लाख सदुसष्ट हजार जास्त! आम्ही दहा वर्षंच धरली. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तोवर नणंद दरमहा व्याजापुरते चार हजार भरते, म्हणजे कर्ज पुढे फुगत नाही. पुण्यात खोली नि खाणावळ मिळून साडेदहा हजार. तिच्याजवळ उरतात सहा हजार सातशे. त्यातच बस, फोन, चपला, औषधपाणी. मोटर नि स्लॅब आम्ही वहीतून खोडून टाकले.

कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत असते, असं कुणीतरी सांगितलं. ती जुन्या करपद्धतीत मिळते, आणि मुळात एवढ्या पगाराला करच बसत नाही. सवलत आहे, पण आमच्या कामाची नाही.

खरी कळ उठली ती पुढे. सासूबाईंना लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येत असत. ते त्या डब्यात साठवत आणि तीन महिन्यांनी बँकेत, पोरीच्या कर्जात भरून येत. योजनेची अट कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको नि लग्न न झालेली मुलं. मी, हे नि आमची मुलं त्यात धरली जात नाही, पण नणंद येते. तिचे तेवीस हजार गुणिले बारा, दोन लाख शहात्तर हजार झाले. पीएफ कापला, हप्ता भरला, हे तिथे कुणी मोजत नाही. पॅकेज ऐकून खूश व्हायचं तेव्हा आम्ही खोट्या आकड्यावर खूश झालो, आणि मदत जायची वेळ आली तेव्हा न दिसलेले पैसेही उत्पन्नात आले.

सासूबाईंना सांगताना माझी जीभ जड झाली. त्या म्हणाल्या, "म्हणजे माह्या पोरीले नोकरी लागली अन् माहे दीड हजार गेले म्हण!" दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जणू मीच ते बंद केले. तिसऱ्या दिवशी वांगी चिरताना आपणहून म्हणाल्या, "जाऊ दे. लिहून दे बापा काय लिहाचं ते. खोटं करून घेतलेलं पुरत नाही." ते पैसे त्यांचे स्वतःचे होते, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर आलेले. त्यांना काय वाटलं असेल, ते आपल्या बायकांनाच कळेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग पगारातच धरायचा आहे. त्यामुळे पुढे ग्रॅच्युइटी वाढेल. पीएफ पंधरा हजारांवरच कापला जात असेल तर हातातला पगार त्यामुळे कमी होत नाही. नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, आता पुन्हा तक्ता बदलणार का?" म्हटलं, बदलला की पाठव, वही तयार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं पत्र आलं की पेढे जरूर वाटा. पण बारांनी भागण्याआधी तक्ता वाचा. महिन्याला हातात काय, वर्षअखेर "मिळालं तर" काय, पाच वर्षांनी काय, आणि सरकारी दाखल्यात किती धरले जाणार, हे चार आकडे वेगवेगळे लिहून काढा. मगच हप्ता ठरवा.

पहिल्या पगारातून नणंदेने आईला दीड हजार पाठवले. सासूबाईंनी ते माझ्या हातावर ठेवले. "मले कायले पाह्यजे? बँकेत टाकून ये." मुदतीआधी जादा भरल्याचा दंड नाही ना, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. तेव्हापासून दरमहा ते तिथेच जातात. डबा रिकामा आहे, पण सासूबाईंनी तो अजून भांड्यांत लावलेला नाही.