हुंकार कोणी द्यायचा?

वाचकहो, तुमच्या घरात अडीच-तीन वर्षांचे पोर असेल तर आज रात्री एवढे करून बघा. त्याला मांडीवर घ्या, काऊचिऊची गोष्ट सुरू करा आणि चिऊ दार उघडायला येते तिथे मुद्दाम थांबा. पोर 'मग?' म्हणेल, हनुवटी धरून तुमचे तोंड आपल्याकडे वळवील, निदान 'हूं' तरी करील. आमच्या नातवाशी मी असेच थांबले, तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. त्याने काहीच केले नाही. तो माझी कंबर चाचपू लागला. तिथे फोन खोचलेला असतो, हे त्याला ठाऊक होते.

ही हकीकत त्याची आहे. आणि खरे सांगायचे तर त्याच्याहून अधिक माझी आहे.

दिवस उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे होते. त्या दिवसांत घर कसे असते, ते कांदा लावणाऱ्यांना सांगायला नको. मजूर बायांची टोळी मिळाली की त्या दिवशी लागवड उरकलीच पाहिजे. सून वाफ्यात, मुलगा पाण्यावर. आणि माझ्याकडे भाकरी, जनावरे व हे पोर. रांगत होते तोवर झोळीत निभले. चालू लागल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा येई. विहिरीला कठडा नाही, पाटाला पाणी, बांधावर औषधाचे डबे. एका डोळ्याने भाकरी बघायची आणि दुसऱ्याने पोर.

मुलाने घरातला जुना फोन त्याच्यासाठी काढून दिला. त्यावर गाणी लावली की पोर निंबाखालच्या गोधडीवरून तासन्‌तास हलत नसे. विहिरीची भीती गेली, भाकरी करपायच्या थांबल्या. मला वाटले, देवच पावला. पुढे पुढे तर शेतात नसतानाही फोन हातात गेला. जेवताना फोन, न्हाताना फोन, झोपताना फोन.

आणि कौतुक तर काय विचारता! पोर 'रेड, येल्लो, ब्लू' म्हणू लागले. इंग्रजी आकडे दहापर्यंत घडाघडा. पाव्हणे आले की आम्ही त्याला मधे उभे करायचो. 'आमच्या शाळेत जे चौथीत शिकलो नाही ते हा दूध पिताना शिकला,' असे मीच सगळ्यांना सांगत असे. तो अजून 'पाणी दे' म्हणत नाही, हात धरून माठाकडे ओढत नेतो, हे माझ्या डोळ्यांपुढे रोज घडत होते. पण 'मुलगे उशिरानेच बोलतात' असे म्हणून मी ते सोडून देत होते.

एका संध्याकाळी पोर रडू लागले ते थांबेना. पोट चोळले, ओवा दिला, दृष्ट काढली. रात्रभर आळीपाळीने खांद्यावर घेऊन फिरलो. 'कुठे दुखतंय रे बाळा?' शंभर वेळा विचारले. त्याला सांगता येईना. बोटाने दाखवताही येईना. पहाटे अंग तापले. उजाडल्यावर सून त्याला न्हाणीत घेऊन बसली तेव्हा तळपायावर सुपारीएवढी सूज दिसली. बाभळीचा काटा आत मोडला होता आणि पू धरला होता. ज्या पोराला तीन रंगांची इंग्रजी नावे येत होती, त्याला 'पाय' हा शब्द येत नव्हता.

ग्रामीण रुग्णालयात काटा निघाला. डॉक्टरीण बाईंनी पट्टी बांधता बांधता पोराशी बोलायचा प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "आजी, हा स्वतःहून किती शब्द बोलतो?"

मी मोठ्या तोऱ्याने रंग आणि आकडे सांगितले.

"ते पाठ झालंय. त्याला काही हवं असलं तर काय म्हणतो?"

मी गप्प झाले.

त्या रागावल्या नाहीत. आधी कान तपासून घ्या म्हणाल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुष्कळ घरांत एकतर काहीच करत नाहीत, नाहीतर सगळे खापर फोनवर फोडतात. मूल कमी ऐकत असेल तर ते बोलणार कसे? दोन वर्षांचे मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलते. ते तसे बोलत नसेल, किंवा नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर वाट बघत बसू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची असते. आपल्या सेविकाताईंना विचारा, त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. आमच्या नातवाचे कान चांगले निघाले. मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "दिवसभर याच्याशी कोण बोलतं?"

घरी येताना मी सुनेला दोष दिला. पोरापेक्षा वाफा मोठा झाला का, असे टोचून बोलले. ती बिचारी काही बोलली नाही. रात्री मात्र मलाच झोप येईना. वाफ्यात ती राबत होती. फोन लावून पोराच्या हातात देणारी मी होते. विहिरीपासून त्याला वाचवले खरे. पण त्याच्याशी बोलायचे माझे काम मी त्या पेटीला देऊन टाकले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याबद्दल स्पष्ट सांगितले आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको म्हणजे नकोच. दुसऱ्या वर्षातही दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये जवळजवळ हेच सांगितले.

पण तुम्ही म्हणाल, पेटीतली बाई तर आपल्यापेक्षा शुद्ध बोलते, गाते, रंग दाखवते. मग पोर तिच्याकडून बोलायला का शिकत नाही? माझाही हाच प्रश्न होता. माझी मुलगी शिक्षिका आहे. तिने मला दोन प्रयोग समजावून सांगितले, ते तुम्हांलाही सांगते.

पहिला अमेरिकेतला, २००३ सालचा. पॅट्रिशिया कुल या बाईंनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे घेतली. काही बाळांपुढे चिनी भाषा बोलणारी माणसे बसली, खेळणी दाखवली, पुस्तके वाचली. असे बारा वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटे. त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे दूरदर्शनच्या पडद्यावर तितकाच वेळ दाखवले. ती बाळे काहीच शिकली नाहीत.

दुसरा प्रयोग २०१४ सालचा आणि तो जास्त नवलाचा. २४ ते ३० महिन्यांच्या मुलांना नवे शब्द शिकवायचे होते. काहींना समोर बसून शिकवले, काहींना आधी भरून ठेवलेली फिल्म दाखवली आणि काहींशी पडद्यावरूनच, पण समोरासमोर बोलणे केले, आपण व्हिडिओ कॉल करतो तसे. फिल्म बघणारी मुले शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलवरची मुले मात्र समोर बसलेल्या मुलांसारखी शिकली. पडदा दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की एका पडद्यामागे मुलाचे ऐकणारे माणूस होते.

हे ऐकले आणि मला माझी आजी आठवली. ती गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असे, हुंकार द्यायचा. 'हूं' थांबला की गोष्ट थांबली. आम्हांला वाटे, पोरे झोपली की काय हे कळावे म्हणून ही अट. आता वाटते, त्यात किती शहाणपण होते! हुंकार जोरात आला की ती राक्षस मोठा करायची, हळू आला की त्याला लवकर मारायची. कुणी 'राजा जेवला का?' विचारले तर राजा आधी जेवायचा, मग लढाईला जायचा. पेटीतली बाई कोणाच्या हुंकारासाठी थांबत नाही. पोर झोपले, रडले, उठून गेले, तरी तिची गोष्ट चालूच. ती बोलते पुष्कळ, पण ऐकत नाही.

म्हणून नवे साधन आले की घाबरावे, असे मी म्हणत नाही. बालशिक्षणात साधनांचे वावडे कधीच नव्हते. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले, तिथल्या वस्तू त्या काळी नवलाच्याच होत्या. एका लाकडी ठोकळ्याला दहा भोके आणि त्यांत बसणारे लहानमोठे दहा दट्टे. एक दट्टा चुकला की शेवटी एक उरतो आणि बसत नाही. 'चुकलास' असे कोणी सांगायला नको, पोराच्या हातालाच कळते.

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना मिळाल्या. अशी महाग साधने खेड्यात परवडणार कोठून? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे घेतले आणि त्यांचीच साधने केली. १९५७ साली दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या आदिवासी वस्तीतली पोरे बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली. म्हणजे साधन बदलले, जागा बदलली, पण पोराजवळचे माणूस त्यांनी हलवले नाही. १९७५ पासून देशभर जी अंगणवाडी आली, तिच्या नावातले अंगण हेच.

आता आम्ही काय केले ते सांगते. फोन एकदम बंद केला नाही. तसे केले असते तर घर डोक्यावर घेतले असते. आधी जेवतानाचा काढला, आठ दिवसांनी झोपतानाचा. पहिले चार दिवस पोर उपाशी राहते की काय असे वाटले. मग भाकरीचा चंद्र, कोशिंबिरीचे रान, असे काहीबाही बोलत घास जाऊ लागला. विहिरीला जाळी ठोकली. ती कधीच ठोकायला हवी होती. औषधाचे डबे कुलपात गेले. सकाळी अंगणवाडी. दुपारी टोळीतल्या बायांची दोन पोरे आणि आमचे एक, अशी तिघे निंबाखाली. एका म्हाताऱ्या बाईने आळीपाळीने त्यांच्याजवळ बसायचे. मी बसते त्या दिवशी भाकरी सकाळीच होतात. त्या बायांची पोरेही इतके दिवस बांधावर वाऱ्यावरच होती, हे माझ्या तोवर ध्यानात आले नव्हते.

आणि बोलणे. वाटते तितके ते सोपे नाही. शेतात राबून आल्यावर बोलायला जीभ उचलत नाही. म्हणून मी वेगळे असे काही बोलत नाही. जे काम करते तेच बोलते. "हे रोप. ही मुळी. मुळी कुठं गेली? मातीत गेली." चैत्रात कांदा निघाला तेव्हा गोल्टी एकीकडे आणि मोठा कांदा दुसरीकडे करायला त्याला बसवले. मधला कांदा हातात आला की तो थांबे, दोन्ही ढिगांकडे बघे आणि माझ्याकडे बघे. मी लगेच सांगत नसे. हे थांबणे मला फार उशिरा शिकता आले.

फोन आजही घरात आहे. संध्याकाळी त्यावरून आत्या बोलते. ती विचारते, वासरू किती मोठे झाले? मग हा फोन घेऊन गोठ्यात धावतो आणि वासराचे तोंड पडद्यापुढे धरतो. कधी हत्ती बघायचा हट्ट धरला तर दोघे मिळून बघतो आणि त्याचे कान सुपाएवढे की टोपल्याएवढे यावर भांडतो. तेच यंत्र, तोच पडदा.

जादू काही झाली नाही. 'पाय' हा शब्द यायला तीन आठवडे लागले. 'पाणी दे' यायला आणखी थोडे. आता तो चार वर्षांचा आहे. त्याच्या वयाच्या काही मुलांपेक्षा अजूनही कमी बोलतो आणि 'र'चा 'ल' करतो. इंग्रजी रंग बरेचसे विसरला आहे.

परवा रात्री त्याने मला गोष्ट सांगायला घेतली. वासरू दावे तोडून कांद्यात शिरले, मग बाबा धावले, मग वासरू पाटात पडले. दिवसभराच्या कामाने मला डुलकी लागली. त्याने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले.

"आजी, हूं म्हण ना!"

मी उठून बसले आणि हूं म्हणाले.